सिंगापूर पाच तासांवर

मंगळवारी सकाळी बाबा गेले. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. भाऊ सिंगापूरला होता. त्या दिवशी संध्याकाळी मी बाबांना अग्नी दिला. भाऊ बुधवारी दुपारी घरी पोचला.

घडलं ते एवढंच. पण आमच्या नात्यागोत्यात ते असं सांगत नाहीत. तिथं ते एका वाक्यात सांगतात: ‘बापाचं तोंड पाहू दिलं नाही पोट्ट्याले.’ हे वाक्य मी एका लग्नात जेवणाच्या रांगेत ऐकलं, विहाराच्या पायरीवर चपला घालताना ऐकलं, सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात वांगी निवडताना पाठीमागून ऐकलं. वळून पाहिलं तर बोलणारी बाई कोथिंबीर हुंगू लागली. मला तोंडावर कोणी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. आता लिहिते आहे. मला लिहायला वेळ लागतो, पण आता घाई कोणालाच नाही.

भाऊ सिंगापूरला नोकरीवर निघाला तेव्हा त्याने बाबांच्या फोनवर इंटरनेटवरचं एक पान उघडून दिलं. दोन शहरांची नावं टाकली की त्या पानावर मधलं अंतर आणि विमानाचा वेळ येतो. नागपूर आणि सिंगापूर: साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास, विमानाने पाच तासांच्या आत. निळ्या समुद्रावरून गेलेली एक तांबडी रेघ.

‘पाहा बाबा,’ भाऊ म्हणाला, ‘मी काय दूर चाललो? सकाळी तुम्ही फोन करा, संध्याकाळी मी जेवायले घरी.’

बाबा कोराडीच्या वीज केंद्रात नोकरीला होते. आमचं लहानपण तिथल्या कॉलनीत गेलं. आई गेल्यावर आणि नोकरी संपल्यावर त्यांनी नंदनवनात घर बांधलं. आयुष्यभर काट्यांकडे बघून आकडे लिहिलेला माणूस. आकडा लिहून आला की त्यांचा त्यावर विश्वास बसे. ते पान त्यांनी फोनमध्ये जपून ठेवलं. कोणी आलं की उघडून दाखवत. शेजारच्या मावशींना तर त्यांनी ते इतक्यांदा दाखवलं होतं की त्या चष्मा शोधायच्याही नाहीत.

‘पाहिलं जी मी ते. पण पोट्टा परदेशात धाडला तुम्ही. म्हातारपणी कोण पाहीन?’

‘तुमचा पुण्याले आहे ना? रेल्वेनं किती लागते?’

‘सांजच्याले बसला का दुसऱ्या दिवशी सकाळी.’

‘मग! माझा पाच तासांत येते. जवळ कोण राहते, सांगा.’

‘मंग तुमच्या मोतीबिंदूच्या वक्ती काहून नाही आला?’

‘मीच नको म्हटलं. एका डोळ्यासाठी पाच तास कायले बसायचं?’

मावशी हसत. बाबाही हसत. मी तिथंच बाजूला बाबांच्या डोळ्यात टाकायच्या थेंबांची वेळ बघत बसलेली असे.

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. एखादी गोष्ट छापून आली म्हणजे ती खरी असते असं मला वाटत नाही; रोज इतकं छापलेलं हाताखालून जातं. ते पान खोटं नव्हतं, पण निरुपयोगी होतं. दोन ठिपक्यांमधलं सरळ अंतर काढायचं, त्याला विमानाच्या वेगाने भागायचं, थोडी मिनिटं वर टाकायची, झालं. त्या रेघेवरून विमान जातं का, हे ते पान बघत नव्हतं. जात नाही. नागपूरहून सिंगापूरला थेट विमान नाही. मुंबईला किंवा दिल्लीला जायचं, तिथं बसायचं, दुसरं विमान धरायचं. येतानाही तसंच. भाऊ जेव्हा यायचा, तेव्हा घरातून निघाल्यापासून घरात पाय ठेवेपर्यंत त्याला जवळपास एक दिवस लागायचा, आणि आल्यावर दुसरा दिवस तो वरच्या मजल्यावर झोपून काढायचा. वरचा मजला त्याच्यासाठीच बांधलेला होता.

हे मी बाबांना एकदा सांगितलं. नकाशावर दाखवून सांगितलं.

‘तुझा स्वभावच तसा,’ बाबा म्हणाले. ‘चांगल्या गोष्टीत खोट काढायची.’

मग मी पुन्हा काढली नाही.

मी प्रताप नगरला राहते. कॉलेज तिकडं आहे. प्रताप नगर ते नंदनवन हे अंतर कोणी कधी कुठल्या पानावर पाहिलं नाही. मधे कुठला तरी पूल नेहमी बांधला जात असतो, रस्ता नेहमी अर्धा असतो. संध्याकाळी मेडिकल चौकात स्कूटीवर उभं राहून दुपट्टा तोंडाला बांधलेला असतानाही धूळ दातांत येते. बाबांना जाण्याआधीच्या थंडीत लकवा मारला, उजवी बाजू गेली, तेव्हापासून मी सकाळी कॉलेजच्या आधी आणि संध्याकाळी कॉलेजनंतर हा रस्ता केला. दिवसा एक बाई असायची. नंतर नंतर मी राहायलाच आले आणि हॉलमध्ये बाबांच्या खाटेशेजारी गादी टाकून झोपू लागले. वरचा मजला रिकामाच होता. बाबांनी कधी म्हटलं नाही की वर झोप. मीही विचारलं नाही.

आजारपणातही ते पान चालूच होतं. जीभ जड झाली होती, तरी कोणी भेटायला आलं की डाव्या हाताची पाच बोटं वर करायचे. पाहुण्यांना वाटायचं, आशीर्वाद देतात. मला कळायचं.

शेवटच्या महिन्यात बाबांचं अन्न सुटलं. मी भावाला फोन केला.

‘ये आता,’ मी म्हटलं.

‘ताई, तू फक्त सांग. मी लगेच निघतो.’

‘सांगूनच तं राहिली.’

‘तसं नाही. डॉक्टर काय म्हणते?’

‘वय झालं म्हणते.’

‘वय तं झालंच आहे ना, ताई. म्हणजे सीरियस आहे का? कारण या महिन्यात इथं खूप काम आहे. पुढच्या महिन्यात मी नीट पंधरा दिवस काढून येतो. अन् मधात काही झालंच तर आहेच ना. पाच तासांचं तं आहे.’

मी फोन ठेवला. बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांनी हाताची बोटं वर केली नाहीत.

पुढच्या महिन्याला बरेच दिवस बाकी होते तेव्हा ते गेले. मे महिना होता. आदल्या दिवशी मी त्यांची दाढी केली होती. हनुवटीखाली थोडी जागा राहून गेली होती, उद्या करू म्हटलं होतं. चहा घेऊन आले तर त्यांचे डोळे पंख्याकडे होते. मी चहा खाली ठेवला, डोळे मिटवले, त्यांच्याजवळ थोडा वेळ बसले. मग फोन केले. आधी काकांना, मग डॉक्टरांना, मग भावाला. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. ते दोन गल्ल्या सोडून राहतात.

भाऊ रडला. खूप रडला. त्याच्या ऑफिसात होता तो. मागे कोणी तरी इंग्रजीत विचारत होतं की काय झालं. ‘मी तिकीट पाहतो,’ तो म्हणाला. तेवढ्यात काका आले होते. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि स्पीकरवर टाकला.

‘बेटा, किती वेळ लागते तुले?’

‘काका, फ्लाइट पाच तासांची आहे. मी तिकीट पाहून राहिलो.’

‘ये गा, ये. तुह्याबिगर कोणी हात लावत नाही बापाले.’

काका ओसरीवर गेले. मी आणि मावशी बाबांचं अंग पुसत होतो. उजवा हात लकव्याने आखडलेला होता, तो मावशींनी हळूहळू सरळ केला. पांढरा सदरा-पायजमा घातला. तोवर काकांनी नातेवाईकांच्या ग्रुपवर लिहून टाकलं होतं: चिरंजीव सिंगापूरहून विमानाने निघाले असून पाच तासांत पोचत आहेत. अंत्ययात्रा सायंकाळी पाच वाजता राहत्या घरून निघेल. खाली हात जोडलेले आणि पांढरी फुलं. त्यांनी हिशेब केला होता: निघायला दोन-तीन तास, विमानात पाच तास, विमानतळावरून घर अर्धा तास. बाबांनी त्यांना ते पान कितीदा तरी दाखवलं होतंच.

दुपारी बाराच्या सुमाराला भावाने तिकीट पाठवलं. संध्याकाळचं विमान, मुंबईला रात्री. मुंबईहून नागपूरचं सकाळचं विमान भरलेलं, म्हणून त्यानंतरचं. घरी पोचणार बुधवारी दुपारी. मी फोन काकांपुढे धरला.

‘हे काय आहे?’

‘तिकीट. तो उद्या येतो. ग्रुपवर दुसरा मेसेज टाका, काका.’

‘उद्या कसा येईन? पाच तास म्हणे ना तो. माह्यासमोर म्हटलं त्यानं.’

‘पाच तास मुंबईपर्यंत. अन् तेही विमान सुटल्यावर.’

काका स्क्रीनकडे बघत राहिले. मग फोन परत दिला. ‘आता लोकं निघाले असतीन घरून. उमरेडहून गाडी निघाली. आता मेसेज टाकला तं काय म्हणतीन लोक, याले साधी वेळ समजत नाही? राहू दे. पाहू.’

त्यांनी मेसेज टाकला नाही. आपण चुकलो हे ग्रुपवर लिहिण्यापेक्षा लोकांना मे महिन्याच्या उन्हात आणणं त्यांना सोपं गेलं.

फ्रीजरची पेटी आली, वर काच असलेली. तिच्यात बाबांना ठेवलं. दारासमोर मंडप पडला, प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, कूलर आला. तीन वाजल्यापासून माणसं येऊ लागली. उमरेडहून, भिवापूरहून, कामठीहून. बायका पदराने घाम पुसत आत यायच्या, काचेतून तोंड पाहायच्या, मला मिठी मारायच्या आणि पहिला प्रश्न विचारायच्या: ‘पोट्टा कुठवर आला?’

मी म्हणायचे, ‘सिंगापूरलाच आहे.’

‘आतापावतर यायले पाहिजे होता. पाच तासच तं लागते.’

सगळ्यांना ठाऊक होतं. भिवापूरच्या म्हाताऱ्या आत्यालाही ठाऊक होतं. बाबांनी तो आकडा साऱ्या जिल्ह्यात पेरून ठेवला होता.

चारनंतर लाइन गेली. आमच्या गल्लीची, मागच्या दोन गल्ल्यांची. कूलर थांबले, पंखे थांबले, पेटीचा घरघर आवाज थांबला. तो आवाज चालू होता हे तो थांबल्यावर कळलं. मावशींकडे इन्व्हर्टर होता. त्यावर पेटी लावून बघितली, इन्व्हर्टरने एकदा किंचाळून नकार दिला. काकांनी जनरेटरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, लग्नाचा सीझन आहे, तीन दिवस एकही मशीन रिकामी नाही. काचेवर आतून पाणी धरलं. मी फडक्याने बाहेरून पुसत होते, पण पाणी आतून होतं.

पाच वाजले. विहारातले भंतेजी आले. मंडपाखाली माणसं वर्तमानपत्राने वारा घेत होती. लाइन आलेली नव्हती. मी काच थोडी सरकवून रुमालाने बाबांचा चेहरा पुसायला हात आत घातला. नाकातून पाणी येत होतं. मी पुसलं. पुन्हा आलं. सकाळी मी मिटवलेले डोळे, तो चेहरा, अजून बाबांचाच होता. रात्रभर या उकाड्यात तो त्यांचा राहणार नव्हता. हे समजायला शिक्षण लागत नाही.

मी बाहेर येऊन काकांना म्हटलं, ‘काका, आता न्यायचं.’

‘म्हणजे?’

‘आत्ताच. घाटावर.’

‘तुले समजते का तू काय बोलून राहिली? पोट्टा विमानतळावर आहे बिचारा. लाइन येईन थोड्या वेळात. बर्फाच्या लाद्या आणू. उद्यापावतर राहते.’

‘तुम्ही आत जाऊन पाहिलं का?’

ते सकाळी फोन झाल्यावर पुन्हा आत गेले नव्हते. ओसरीवरच बसले होते, येणाऱ्याला बसवत, जाणाऱ्याला हात जोडत.

‘अग्नी कोण देईन मंग?’ ते म्हणाले.

‘मी.’

‘पोरगी देते का कुठं? पोरगा जित्ता असताना?’

‘काका, आजोबा छप्पन साली दीक्षाभूमीवर उभे होते. ते हे सगळं सोडून आले ना? पोराशिवाय बापाले गती नाही, हे त्याच दिवशी सोडलं ना आपण? दर जयंतीले तुम्हीच सांगता माइकवर.’

‘माइकवरची गोष्ट वेगळी असते वं!’

मंडपातल्या दोघा-तिघांनी खाली मान घालून हसू दाबलं. काका लालेलाल झाले. भंतेजींनी इकडून तिकडे पाहिलं.

‘घरातलं मोठं कोण?’ त्यांनी विचारलं.

‘मी बसलो ना,’ काका म्हणाले.

‘यांच्या घरातलं.’

‘मी,’ मी म्हटलं.

भंतेजी उठले. आत जाऊन पेटीशेजारी उभे राहिले, बाबांकडे बघितलं, आणि बाहेर येऊन म्हणाले, ‘उशीर करू नका.’

मग मी भावाला फोन केला. तो विमानात चढायच्या रांगेत होता.

‘ताई, मी चढूनच राहिलो. थोडा वेळ राहिला फक्त.’

‘आम्ही बाबांना नेतो आहे.’

‘कुठं?’

‘घाटावर. लाइन नाही. पेटी बंद पडली.’

मग तो ओरडला. रांगेतले लोक बघत असतील त्याच्याकडे. ‘थांब! ताई, थांब. रात्री मी मुंबईत असतो. पाच तासांत मी मुंबईत असतो!’

‘बाबा मुंबईत नाहीत,’ मी म्हटलं.

‘मला फक्त तोंड पाहू दे त्यांचं. एकदा. तुले हात जोडतो.’

‘ये म्हटलं होतं मी तुला.’

‘हे आता काढू नको! ताई, आता हे काढू नको. थांब म्हणतो ना मी!’

‘नाही थांबत,’ मी म्हटलं.

मी फोन ठेवला. तो पुन्हा वाजला. काकांच्या खिशातलाही वाजला. मग दोन्ही वाजायचे थांबले. विमान सुटलं असणार.

भंतेजींनी त्रिशरण-पंचशील म्हटलं, सगळे मागून म्हणाले. काकाही म्हणाले. तिरडीला मी खांदा दिला. माझ्यामागे मावशी आल्या, त्यांच्यामागे कामठीच्या दोन चुलतबहिणी. पुरुष आधी जरा अवघडून उभे राहिले, मग आले. घाटावर मी अग्नी दिला. परत आलो तेव्हा गल्लीत लाइन आली होती, आणि कोणी तरी बटण चालूच ठेवलं असल्यामुळे रिकामी पेटी घरघर करत थंड होत होती.

बुधवारी दुपारी भाऊ टॅक्सीतून उतरला. मंडपवाला खुर्च्या एकात एक घालत होता. भावाच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, शर्ट चुरगळला होता, दाढी वाढली होती. काकांनी उठून त्याला मिठी मारली, आणि दोघं दारातच उभं राहून रडले. मी दार धरून उभी होते. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. हॉलमध्ये गेला. बाबांची खाट काढून ठेवली होती, फरशी पुसलेली होती. एका टेबलावर बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि बाबांचा फोटो, मेणबत्ती. तो त्या रिकाम्या जागेसमोर उभा राहिला.

‘तू मुद्दाम केलं,’ तो म्हणाला. पाठ माझ्याकडेच होती.

‘हो. चुकून असं होत नाही.’

‘एक रात्र. एक रात्र थांबता आलं नाही तुले.’

‘थांबवून तुला काय दाखवायचं होतं? तू पाहिलं नाही काय होत होतं ते.’

‘मले पाहायचं होतं! जसं असीन तसं! माह्या बापाचं तोंड होतं ते, ताई. तू कोण ठरवणारी मी कसं पाहायचं?’

मी म्हटलं, ‘ते तोंड रोज पाहणारी.’

काका मधे आले. खिशातून फोन काढला. ‘माह्या पोरानं फोटो काढला होता बेटा, पेटीतला. पाहून घे. शांत दिसते एकदम.’

भावाने काकांचा हात बाजूला केला. ‘फोटो पाहायले आलो का मी एवढ्या दुरून?’

एवढ्या दुरून. हे त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. तोवर सिंगापूर कधी दूर नव्हतंच. त्या क्षणी मला त्याची दया यायला हवी होती, असं मावशी नंतर म्हणाल्या. मला आली नाही. मला एवढंच वाटलं की हे तो बाबांसमोर एकदा म्हणाला असता, मी दूर आहे, मला यायला एक दिवस लागतो, तर बाबांनी निदान त्याची वाट तेवढ्या हिशेबाने पाहिली असती. आणि मीही.

तो वर गेला. जिना चढताना त्याच्या बॅगेची चाकं पायरीपायरीवर आपटत होती.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. आमच्याकडे त्या दिवशी माइक असतो आणि ज्याला वाटेल तो गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलतो. चारावर कोणी थांबत नाही. काका बराच वेळ बोलले. बाबांच्या कष्टांबद्दल, कोराडीबद्दल, आजोबांबद्दल, छप्पनबद्दल. आणि मग भावाकडे हात करून म्हणाले, ‘या मुलानं साडेतीन हजार किलोमीटरवरून धाव घेतली. पण बापाचं अंतिम दर्शन त्याच्या नशिबी नव्हतं.’ बायकांनी डोळ्यांना पदर लावले. नशिबी. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेला माणूस माइकवर नशीब म्हणाला, आणि एकाही माणसाला ते खटकलं नाही. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. वाईट म्हणूनही घेतलं नाही.

भावाने माइक घेतला, ‘बाबा’ म्हणाला, आणि पुढे त्याला बोलता येईना. माइक परत दिला. मग कोणी तरी तो माझ्यापुढे धरला. मी हाताने नको म्हटलं. मला माणसांपुढे बोलता येत नाही. आणि त्या माणसांपुढे बोलायचं मला काही नव्हतं.

जेवणावळ उठल्यावर मागच्या अंगणात मावशी भांडी विसळायला घालत होत्या.

‘तू बरोबर केलं, पोरी,’ त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. ‘मी पाहिलं होतं ना तोंड.’

‘मग आत बसलेल्यांना सांगा.’

‘मी कायले सांगू? मले याच गल्लीत राहायचं आहे.’

निघायच्या दिवशी भाऊ खाली आला तेव्हा मी पोहे केले होते. तो बसला, खाल्ले. मला वाटलं, बोलेल. खाऊन झाल्यावर ताटली मोरीत ठेवून तो म्हणाला, ‘ते लोक काय म्हणतात, तुला माहीत असेलच.’

‘माहीत आहे.’

‘मी त्यांना काही सांगितलेलं नाही.’

‘खरं काय ते तरी सांगायचं. मी आधीच बोलावलं होतं, हे सांगायचं.’

तो नळाखाली हात धूत राहिला. ‘तू ते सिंगापूरला फोन करून सांगितलं, ताई. मला समजलं नाही तेव्हा. माणूस खरंच मरते हे समजलं नाही. तेवढ्याची सजा तू मले बापाचं तोंड न दाखवून दिली.’

मी म्हटलं, ‘सजा म्हणून नाही दिली. त्यांचा चेहरा तसाच राहावा म्हणून नेलं.’

‘कोणासाठी राहावा? पाहायले कोण होतं?’

ते बाबांसाठी होतं असं मला वाटतं. गेलेल्या माणसाला त्याचा काही उपयोग नसतो, हे मला आमच्या धम्माने शिकवलेलं आहे, आणि तरी मला तसं वाटतं. तो दिवस पुन्हा आला तर मी पुन्हा पाच वाजता नेईन. याबद्दल माझं मन एकदाही हललेलं नाही. त्याचा प्रश्न मात्र मला कॉलेजात पुस्तकं लावताना मधेच आठवतो, आणि मग हातातलं पुस्तक कोणत्या कप्प्यात घालायचं ते सुचत नाही.

टॅक्सी आली. काका आले होते निरोपाला. त्यांनी भावाच्या हातात चिवड्याचं पाकीट दिलं, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, ‘येत जा गा बेटा. पाच तासच तं लागते.’

भावाने काकांकडे पाहिलं. टॅक्सीत बसला, काच वर केली.

याला आता वर्ष झालं. नंदनवनातलं घर बंद आहे. मी प्रताप नगरला राहते, कॉलेजात जाते. भाऊ सिंगापूरला आहे. तो फोन करत नाही, मी करत नाही.